दंड हजाराचा, भरपाई पंचवीस लाखांची : ‘लापरवाही’चा गुन्हा लागला तर पुढे काय होतं?

उकवा (जि. बालाघाट) : बालाघाटहून बैहरकडे निघालं की भरवेली मागे पडते, मग गांगुलपाऱ्याचा घाट, दोन्ही बाजूंनी जंगल आणि पुढे उकवा. इथल्या मॅंगनीज खाणीमुळे रस्त्यावर ट्रकांची ये-जा असते. कान्हाला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या असतात, बाजाराच्या दिवशी पिकअप असतात आणि लग्नसराईत गोंदिया, आमगाव, तिरोड्याकडून आलेल्या एमएच-३५ च्या मोटारसायकली असतात. बालाघाट आणि गोंदिया यांच्यात राज्याची सीमा असली तरी सोयरिकी दोन्हीकडे आहेत. त्यामुळे अपघात होतो एका राज्यात, जखमीवर उपचार दुसऱ्या राज्यात, आणि गाडी, विमा, वारस यांचे पत्ते आणखी तिसरीकडे.

अशा वेळी दोन्ही बाजूंना एकच गैरसमज दिसतो. गाडीवाल्याला वाटतं, ‘निष्काळजीपणाचा गुन्हा आहे, हजार रुपये दंड भरला की सुटलो.’ जखमीच्या घरच्यांना वाटतं, ‘पोरगा बेफाम चालवत होता असं पोलिसांनी लिहिलं, आता विमा कंपनी पैसे देणार नाही.’ दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्ही महागात पडतात.

एक उदाहरण धरून चालू

समजा, आमगावकडचा पंचविशीतला एक तरुण उकव्याला मामाकडे लग्नाला आला. गाडी वडिलांच्या नावावर. परत जाताना वळणावर त्याने सायकलवरून चाललेल्या मजुराला ठोकलं. मजूर ३४ वर्षांचा, घरी बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. लोकांनी त्याला आधी बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात नेलं, तिथून गोंदियाला हलवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

पहिल्या दिवशी पोलीस चौकीत जी तक्रार लिहिली जाते, तिच्यात मध्य प्रदेशात ठरलेलं वाक्य असतं, ‘तेज गति एवं लापरवाही पूर्वक वाहन चलाकर’. महाराष्ट्रात त्याच जागी ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे’ येतं. कायदा एकच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुनं कलम २७९ आता २८१ झालं. सार्वजनिक रस्त्यावर माणसाचा जीव धोक्यात येईल अशी गाडी चालवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोकांच्या डोक्यात बसलेला ‘हजार रुपये’ हा तोच.

पण गुन्ह्याचं कलम पहिल्या दिवशी लिहिलं तेवढंच राहत नाही, जखमीच्या तब्येतीप्रमाणे ते बदलतं. साधी दुखापत असेल तर कलम १२५(अ), सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. हाड मोडलं किंवा गंभीर दुखापत झाली तर १२५(ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. माणूस गेला की कलम १०६(१) लागतं. जुन्या ३०४-अ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षं होती, आता पाच वर्षं झाली. आपल्या उदाहरणातल्या तरुणाने पहिल्या दिवशी ‘छोटी केस आहे’ असं घरी सांगितलं असेल, तर चौथ्या दिवशी ती छोटी राहिलेली नसते.

मृत्यू गोंदियात झाला म्हणून गुन्हा गोंदियाचा होत नाही. तिथले पोलीस मर्ग दाखल करतात, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं, आणि कागद बालाघाटकडे पाठवले जातात. घरच्यांना तक्रार द्यायची असेल तर ती गोंदियाच्या ठाण्यातही ‘झिरो एफआयआर’ म्हणून देता येते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नंतर चालत नाही.

ही कलमं जामीनपात्र आहेत, म्हणून तरुण बहुतेकदा त्याच दिवशी ठाण्यातून सुटतो. सुटला म्हणजे संपलं, असा समज इथूनच सुरू होतो. जाता जाता एक खुलासा. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी गाड्या थांबवल्या होत्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, तो राग कलम १०६(२) वर होता : अपघात करून न कळवता पळालं तर दहा वर्षांपर्यंत कैद. बाकीचा कायदा लागू करताना केंद्राने हे पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं. पण म्हणून पळून जायची मुभा मिळाली असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आधीपासून आहेच. जखमीला दवाखान्यात पोचवायचं, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं आणि विमा कंपनीलाही पॉलिसी नंबरासह लेखी कळवायचं. जमाव मारायला उठला असेल तर जागेवर थांबायची सक्ती नाही, कायद्यानेच ती सूट दिली आहे. मात्र अशा वेळी सरळ जवळच्या चौकीत जायचं, राज्याची सीमा ओलांडून घरी नाही.

‘चालान पेश झालं’ म्हणजे दंड भरला नव्हे

सीमेवरच्या माणसाची भाषेमुळे होणारी एक फसगत इथे सांगायला हवी. महाराष्ट्रात ‘चलान’ म्हणजे ट्रॅफिकचा दंड. मध्य प्रदेशात पोलीस ‘चालान पेश कर दिया’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ असतो, दोषारोपपत्र न्यायालयात दाखल केलं. आमगावचा माणूस ते ऐकून निश्चिंत होतो आणि पेशीला जातच नाही. मग वॉरंट निघतं. ‘बयान’ म्हणजे आपला जबाब, ‘नक्शा मौका’ म्हणजे घटनास्थळाचा नकाशा, ‘मुलाहिजा’ म्हणजे जखमीची पोलिसांनी करवून घेतलेली वैद्यकीय तपासणी, ‘सुपुर्दगी’ म्हणजे जप्त गाडी न्यायालयाच्या आदेशाने परत ताब्यात मिळणं. हिंदी येतं म्हणून सही करू नये, न कळलेला शब्द आधी विचारून घ्यावा. नकाशात सायकल कोणत्या बाजूला दाखवली, यावर पुढे लाखांचा हिशेब ठरतो.

पेशीच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात हमखास मिळणारा सल्ला असतो, ‘भाऊ, गुन्हा कबूल करून टाक, दंड भर अन् मोकळा हो.’ फक्त २८१ असेल तर हे सोपं वाटतं. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. चारित्र्य पडताळणीत ती दिसते, व्यावसायिक चालकाच्या नोकरीत आडवी येते, आणि भरपाईच्या दाव्यात समोरचा वकील तिची नक्कल जोडतो. कबूल करायचं की लढायचं हे आपल्या वकिलाशी बोलून ठरवावं, आवारातल्या ओळखीवर नाही.

याशिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ वेगळं. धोकादायक चालवण्याबद्दल पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड. चालवताना मोबाईल हातात धरणं, सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने येणं हेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. या कलमात पोलीस लायसन्स जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात आणि पहिल्या वेळी तीन महिने, दुसऱ्या वेळी लायसन्सच रद्द, अशी तरतूद आहे. लायसन्स गोंदियाच्या आरटीओचं आणि गुन्हा बालाघाटचा, म्हणून ते वाचत नाही. नोंदी आता एकाच संगणक प्रणालीत आहेत.

भरपाईचा दावा ही वेगळीच केस

फौजदारी खटला सरकार चालवतं, आणि त्यात शिक्षा ठरते. मृताच्या घरच्यांना पैसे मिळतात ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून, कायद्याच्या कलम १६६ खाली. दोन्हींत पुराव्याचं माप वेगळं आहे. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात ‘असंच घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं. म्हणून फौजदारीतून सुटलेला माणूस दाव्यात हरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८० सालीच एन.के.व्ही. ब्रदर्स प्रकरणात सांगितलं आणि २०१८ मध्ये मंगला राम प्रकरणात पुन्हा सांगितलं.

आता हिशेब बघू. मजुराची कमाई महिन्याला १२,००० रुपये धरली तर वर्षाला १,४४,०००. वय चाळिशीच्या आत आणि पगारी नोकरी नाही, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के जोडायचे : २,०१,६००. घरात चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १,५१,२००. वय ३४, त्याचा गुणक १६. झाले २४,१९,२०० रुपये. त्यावर अंत्यविधी, कुटुंबाचं सहवासाचं नुकसान यांच्या ठरलेल्या रकमा आणि दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज. हे कोष्टक कुणा एका न्यायाधीशाच्या मर्जीचं नाही. २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांनी ते देशभर एकसारखं केलं आहे. बालाघाटला दावा करा की गोंदियाला, गुणक तोच.

म्हणजे ज्या चुकीला फौजदारीत हजाराचा आकडा चिकटलेला आहे, तीच चूक दाव्यात पंचवीस लाखांच्या घरात जाते.

विमा नेमका कशाचा असतो?

इथे जखमीच्या घरच्यांची भीती दूर करायला हवी. थर्ड पार्टी विमा असतोच मुळी निष्काळजीपणासाठी. कलम १४६ ने तो सक्तीचा केला, कारण चूक गाडीवाल्याची आणि नुकसान तिसऱ्याचं, अशा वेळी गाडीवाल्याच्या खिशात पैसे नसले तरी तिसऱ्याला ते मिळावेत. त्यामुळे ‘चालक लापरवाहीने चालवत होता’ हे विमा कंपनीचं पैसे नाकारण्याचं कारण होऊच शकत नाही. उलट कलम १६६ च्या दाव्यात तोच निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. पोलिसांनी ‘लापरवाही’ लिहिली म्हणून मृताच्या घरच्यांनी घाबरायचं कारण नाही.

विमा कंपनी हात वर करते ती दुसऱ्या कारणांनी. अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू नव्हती. चालकाकडे लायसन्स नव्हतं किंवा त्या प्रकारच्या गाडीचं नव्हतं. चालक दारू प्यायलेला होता, रक्ताच्या १०० मिलीलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. गाडीला परमिट नव्हतं. यातली काही कारणं असली तरी तिसऱ्या माणसाला अनेकदा पैसे मिळतात, कारण न्यायाधिकरण कंपनीला सांगतं, ‘आधी तू दे, मग मालकाकडून वसूल कर’. २००४ च्या स्वर्ण सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की लायसन्स नाही एवढं दाखवून कंपनीला सुटता येत नाही, मालकाने जाणूनबुजून हयगय केली हे तिला सिद्ध करावं लागतं. मेलेल्याच्या घरच्यांना दिलासा मिळतो, मालकाला नाही. त्याच्या दारात वसुली येतेच.

पॉलिसीच चालू नसेल तर मात्र कंपनीचा प्रश्नच उरत नाही. आपल्या उदाहरणात तेच आहे असं समजा. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. शोरूमवाला तो काढून देतो, मालकाला कळतही नाही. म्हणून सहाव्या वर्षी तो संपलेलाही कळत नाही. गाडी २०१९ ची असेल तर तिचा हा विमा २०२४ मध्ये संपला. गावोगावच्या अंगणात अशा गाड्या उभ्या आहेत. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये आहे, कर वेगळा. तो न भरल्याबद्दल पोलिसांचा दंड पहिल्या वेळी दोन हजार. तेवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती.

विमा नसेल तर चोवीस लाख एकोणीस हजार आणि व्याज कोणी द्यायचं? चालवणारा मुलगा आणि गाडीचा नोंदणीकृत मालक, म्हणजे वडील, दोघांनी. त्या दिवशी वडील आमगावला धान मोजत बसले होते, हा बचाव नाही. रक्कम भरली नाही तर कलम १७४ खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याला वसुलीचा दाखला पाठवतं आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. महाराष्ट्रात सातबारावर बोजा चढतो, मध्य प्रदेशात खसऱ्यावर. शिवाय विमा नसलेली गाडी मृत्यूच्या प्रकरणात पुरेशी हमी दिल्याशिवाय सुपुर्दगीत मिळत नाही. हमी नसेल तर ती लिलावात काढून पैसे न्यायाधिकरणात जमा करायचे, असा नियम आहे.

या भागातल्या दोन गोष्टींकडे वेगळं लक्ष द्यायला हवं. बाजाराला पिकअपमध्ये मागे बसून जाणारे लोक आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीतून वरातीला जाणारे लोक. मालवाहू गाडीत फुकट बसलेला प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाही, कलम १४७ मध्ये तसं लिहिलेलंच आहे. मालासोबत जाणारा मालक किंवा त्याचा माणूस येतो. ट्रॅक्टर शेतीसाठी म्हणून विमा उतरवलेला असेल आणि ट्रॉलीत वऱ्हाडी असतील, तर कंपनी वाद घालणार हे धरूनच चाला. लायसन्सबद्दल मात्र एक जुना घोळ मिटला आहे. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवू शकतो, त्यासाठी वेगळा शेरा लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं.

ट्रिपल सीटचंही तसंच. तिघं बसले होते एवढ्यावरून मागे बसलेल्याची भरपाई कापता येत नाही. तिसऱ्या माणसामुळेच अपघात घडला हे दाखवावं लागतं (मोहम्मद सिद्दीक निकाल, २०२०). दंड होतो तो वेगळा.

दावा कुठे लावायचा?

सीमेवरच्या वाचकांसाठी कायद्यातली सर्वात उपयोगी ओळ कलम १६६(२) मध्ये आहे. अपघात जिथे झाला तिथे, दावा करणारा जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा समोरचा जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा लावता येतो. निवड दावा करणाऱ्याची. उकव्याजवळ गेलेल्या मजुराची बायको माहेरी तिरोड्याला राहायला गेली असेल, तर तिला दर पेशीला रजेगावकडून बालाघाट गाठायची गरज नाही, गोंदियात दावा चालेल. कागद हिंदीत आहेत म्हणून दावा अडत नाही, लागलं तर भाषांतर जोडता येतं.

पण घरात दोन चुली झाल्या असतील तर सांभाळा. बायकोने गोंदियात आणि आईने लांजीकडून बालाघाटात वेगळा दावा लावला, तर डिसेंबर २०२२ च्या गोहर मोहम्मद निकालाप्रमाणे जो आधी लागला तो कायम राहतो आणि दुसरा तिकडे वर्ग होतो. आधी बसून बोललेलं बरं.

उलट दिशेचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. दोघेही मध्य प्रदेशातले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा होता, आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेल्या जामिनावरून देशभर संताप उसळला. त्या प्रकरणातला फौजदारी भाग पुण्याचा. पण अशा मृत्यूत आईवडिलांना भरपाईसाठी पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत, आपल्या जिल्ह्यात दावा करता येतो. तेच कलम १६६(२). आणि अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला कलम १९९-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. हे कलम पोर्शेला लागतं तसंच खेड्यातल्या स्कुटीलाही लागतं.

मुदतीचं लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्यावर विसंबून बसू नये. तेरवी, वर्षश्राद्ध आटोपू आणि मग बघू, असं म्हणणाऱ्यांची मुदत निघून जाते. त्याच नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. तो अहवालच दाव्याचा अर्ज मानता येतो. पाठवला का, हे ठाण्यात जाऊन विचारायला कुणाची हरकत नसावी.

अपघात करणारी गाडीच सापडली नाही तर रस्ता वेगळा. ‘अज्ञात वाहन’ असेल तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्याचा अर्ज मात्र अपघात घडला त्याच उपविभागात किंवा तहसिलीत करायचा असतो, इथे राहत्या गावाची सोय नाही.

वकिलाची फी हा घरच्यांपुढचा मोठा प्रश्न. रुग्णालयाच्या दारात ‘क्लेम काढून देतो, निम्मे-निम्मे’ म्हणणारे भेटतात. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता आहे. जिल्हा न्यायालयातच त्यांचं कार्यालय असतं.

रस्त्यावरच ‘मिटवून टाकू’

अपघाताच्या जागी सगळ्यात आधी सरपंच किंवा एखादा वजनदार माणूस पुढे होतो. ‘काका, पोलीस-बिलीस नको. दवाखान्याचा खर्च पोरगा देते, वर दहा हजार घ्या.’ जखमी उठून बसलेला असतो, काका मान हलवतात. रात्री जखमीला उलट्या सुरू होतात, डोक्यात रक्त साचलेलं निघतं.

असा स्टॅम्प पेपर न्यायालयात फारसा टिकत नाही. दुखापतीची कलमं न्यायालयासमोर, जखमीच्या संमतीने मिटवता येतात. २८१ तसं मिटत नाही आणि मृत्यूचं १०६ तर नाहीच. पण नुकसान दुसरीकडे होतं. तक्रार नाही, मुलाहिजा नाही, नकाशा नाही, आणि मग विमा कंपनी म्हणते, अपघात झाला याचा पुरावा काय? तक्रारीला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या रवी विरुद्ध बद्रीनारायण निकालात म्हटलं आहे, तरी उशीर का झाला हे पटवावं लागतं. गाडीवाल्यानेही ‘मिटवण्या’च्या भरात विमा कंपनीला न कळवणं म्हणजे पैसे भरून घेतलेली ढाल स्वतःच टाकून देणं. लायसन्स असलेल्या चुलतभावाला ‘चालक तू होतास असं सांग’ म्हणून उभं करणं तर सरळ गुन्हा, आणि तो दोघांवर.

उपचाराच्या पैशासाठी घाईने तडजोड करू नये यासाठी आता आणखी एक कारण आहे. मे २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. चूक कोणाची हे त्यात बघत नाहीत. आणि जखमीला उचलून नेणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, साक्षीदार म्हणून अडकवता येत नाही.

चूक स्वतःचीच असेल तर

रस्त्यावर दुसरी गाडीच नव्हती, वळण चुकलं आणि झाडावर आदळून चालक गेला. अशा घरांतून ‘विमा होता ना, मग पैसे का नाहीत?’ असा प्रश्न येतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या अशाच प्रकरणात मृताच्या कुटुंबाची ८० लाखांची मागणी नाकारणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. स्वतःच्या बेफाम चालवण्याने गेलेल्याचे वारस थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागू शकत नाहीत, कारण तो स्वतः तिसरा नव्हताच. गाडी मित्राची मागून आणलेली असली तरी हेच, चालवणारा मालकाच्या जागी उभा धरला जातो.

त्या घराला मिळू शकते ती रक्कम मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची, १५ लाखांची. त्यात चूक कोणाची हे बघत नाहीत, पण गाडी आपल्या नावावर आणि लायसन्स चालू हवं. पॉलिसी काढताना एजंट हप्ता कमी दाखवायला हा भाग वगळतात आणि घेणारा ‘चालेल’ म्हणतो.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा असतो. साध्या निष्काळजीपणाने तोही जात नाही, दारू आणि लायसन्सने जातो. इंग्लंडमध्ये निष्काळजी चालवण्याचे तीन ते नऊ गुण लायसन्सवर चढतात आणि त्यावरून पुढचा हप्ता वाढतो, तिकडे असलेल्या आपल्या लोकांना हे ठाऊक आहे. आपल्याकडे गुन्ह्याच्या नोंदीवरून हप्ता वाढत नाही. स्वतःच्या नुकसानीचा क्लेम घेतला तर नो क्लेम बोनस तेवढा जातो.

शेवटी एमपी-५० च्या जुन्या गाड्यांबद्दल. बालाघाटकडच्या मोटारसायकली गोंदिया-भंडाऱ्यात विकल्या जातात. राज्य बदललं की ना-हरकत दाखला, कर, नवा नंबर एवढा व्याप नको म्हणून स्टॅम्प पेपरवर सह्या होतात आणि किल्ली हातात दिली जाते. गाडी पुढे तिसऱ्या, चौथ्या माणसाकडे जाते. २०१८ च्या नवीन कुमार निकालाप्रमाणे आरसी बुकावर ज्याचं नाव तोच मालक, मधल्या सगळ्या विक्री तोंडी राहिल्या तरी. पाच वर्षांपूर्वी गाडी विकून विसरून गेलेल्या बैहरच्या शेतकऱ्याला साकोलीजवळच्या अपघाताची नोटीस येते ती अशी. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी आणि विम्याची तारीख दिसते. विकलेल्या गाडीचा नंबरही एकदा टाकून बघावा.